‘होल्ड’ आणि चाँदपाशाचे रान

परभणी, ९ जानेवारी १९५१

आज साहेबांपुढे मी एका बाईच्या तोंडी तिचा नसलेला शब्द घातला की काय, हे मला ठरवता येत नाही. म्हणून जसे झाले तसे लिहून ठेवतो.

पिंगळी स्टेशनापासून कोसभर आत एक वाडी आहे. तिथल्या चाँदपाशाचे ओढ्याकाठी रान आहे. गडबडीच्या साली, पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, तो बायकोमुलाला घेऊन हैदराबादेला गेला आणि पुढच्या वर्षी तिथेच तापाने वारला. वाडीचे आबासाहेब म्हणतात, रान माझ्या ताब्यात आहे, माझे नाव लावा. धुरपदाबाई नावाची एक विधवा म्हणते, मी पाशाची बटईदार, अर्ध्या वाट्याने रान करते. तिला दुसरी जमीन नाही. रान आबासाहेबांच्या नावावर चढले की तिला दुसऱ्या दिवशी बांधाबाहेर व्हावे लागेल.

दाव्याची सुनावणी घेणारे साहेब मद्रासकडचे. मराठी येत नाही, उर्दू येत नाही. मी तहसिलीचा मुतर्जिम, म्हणजे दुभाषी. उस्मानियात सगळे शिक्षण उर्दूतून झालेला. इंग्रजी मला येते, पण परक्या घरात वावरावे तशी. साहेबांनी विचारले, ‘हू होल्ड्स द लँड?’ मी बाईला विचारले, “रान कुणाच्या कब्जात आहे?”

ती म्हणाली, “कब्जा कशाचा जी? मी राखायले. पाशामिया टेसनात मनला, ‘धुरपदा, रान कू जरा देखते रहना, मैं आताइच.’ मी व्हय मनलं.”

“आन् आला का मग?” मागून कुणीतरी विचारले. लोक हसले. ती वळून म्हणाली, “तुज्या बापाला इचार, तो गेलाय तिकडंच.”

मी साहेबांना इंग्रजीत सांगितले की ती जमीन ‘होल्ड’ करत नाही, ती फक्त लक्ष ठेवते. साहेबांनी ते लिहून घेतले. आबासाहेबांनी समाधानाने उपरणे सारखे केले.

‘फक्त’ हा शब्द तिने उच्चारला नव्हता. तो माझा.

१० जानेवारी

शब्द परत कसा घ्यायचा? मिसलीत, दाव्याच्या कागदांत, लिहिला गेला आहे. आणि घेतला तर त्या जागी काय ठेवू?

१४ जानेवारी

साहेबांकडे तिळगूळ घेऊन गेलो. त्यांच्याकडेही आज पोंगल, त्यामुळे स्वारी खुशीत होती. धीर करून विचारले की ‘होल्ड’चा नेमका अर्थ काय धरावा. ते हसले. म्हणाले, “दिनकरराव, मी लहानपणी हा शब्द छड्या खाऊन शिकलो. नेमका अर्थ मलाही कुणी सांगितला नाही.” मग ट्रंकेतून एक जाडजूड कोश काढून दिला. त्यात इंग्रजी शब्दांच्या वंशावळी आहेत. “परत आणा,” एवढे बजावले.

सायकलच्या कॅरिअरला बांधायचे धाडस झाले नाही. छातीशी धरून पायी आणला.

१७ जानेवारी

तीन दिवस कचेरीतून आलो की तेच पान. आज जे हाती लागले ते नीट लिहिता येईल की नाही, शंका आहे.

‘होल्ड’ म्हणजे धरणे, असे मास्तरांनी शिकवले. कोशात बघावे तर इंग्रज श्वास होल्ड करतो, जीभ होल्ड करतो, सभा होल्ड करतो, किल्ला होल्ड करतो, मत होल्ड करतो. रेल्वेचा ‘हॉल्ट’ही याच घराण्यातला, जर्मन वाटेने आलेला. मी आगगाडीतून शेकडो वेळा ती पाटी वाचली असेल. मला तिचे कुळ ठाऊक नव्हते.

पण खरी गोष्ट खाली, बारीक टाइपात आहे. कोशकार म्हणतो, या क्रियापदाचा सर्वांत जुना अर्थ बहुधा गुरे राखणे असा होता. गॉथ नावाचे लोक होते. त्यांची भाषा मेली. दीड हजार वर्षांपूर्वीचे थोडे लिखाण तेवढे उरले आहे. त्यात हे क्रियापद येते ते डुकरे राखण्यासाठी. राखण्यावरून सांभाळणे, सांभाळण्यावरून जवळ ठेवणे, त्यावरून मालकी. मुठीत धरणे हे त्यातूनच. म्हणजे मूठ मागून आली. आधी कुणीतरी उन्हात काठी घेऊन जनावरांमागे उभा होता.

मी उठून अंगणात गेलो. बसवेना. ज्या शब्दाने मी त्या बाईला नाकारले, त्याच्या तळाशी तिचाच शब्द होता, आणि तो तिथे कुणी ठेवला? तिने गॉथ ऐकलेले नाहीत, गॉथांनी पिंगळी ऐकलेली नाही.

आमच्या कुटुंबाला, कमलबाईंना, वाचून दाखवले. त्या वाती वळत होत्या.

“म्हणजे इंग्रज आधी डुकरं राखायचे?”

“इंग्रज नव्हेत. त्यांचे चुलते म्हणा.”

“चुलते तर चुलते. डुकरं राखता राखता आपलं राज्य राखायला लागले म्हणायचे.” आणि मग, “अहो, तीन दिवस झाले, भाजी आणलेली नाही. ते कोणत्या शब्दात येतं तेवढं बघा.”

तेही खरेच.

आणखी दोन गोष्टी टिपून ठेवतो. कोशकाराने कडेला संस्कृतचा ‘कल्’ धातू दिला आहे, हाकणे या अर्थाचा, पुढे प्रश्नचिन्ह. इतका विद्वान माणूस, पण जिथे खात्री नाही तिथे त्याने प्रश्नचिन्ह केले. मी पेशीत, साहेबांपुढे, तेवढेही केले नाही. दुसरी गोष्ट: जहाजाच्या पोटात माल भरतात त्या जागेलाही ‘होल्ड’ म्हणतात, पण तो शब्द या कुळातला नाही. तो मुळात ‘होल’, म्हणजे भोक. शेजारी राहून राहून त्याने या घराण्याचे आडनाव लावले. वाचून मी एकटाच हसलो.

२० जानेवारी

दिवसभर लेव्हीच्या इंग्रजी परिपत्रकाचा मराठीत तर्जुमा. प्रत्येक शेतकऱ्याने सरकारी भावाने ठरलेले धान्य घालायचे. जमिनीखालच्या पेवात दडवून ठेवलेले धान्य जप्त, आणि धनी शिक्षेस पात्र. रूक्ष काम. इतक्या मजकुरात ‘होल्ड’ एकदाही आला नाही.

२२ जानेवारी

आबासाहेब घरी आले. हुरड्याची टोपली, वर शेंगदाण्याची चटणी. मी घेत नव्हतो, ते म्हणाले, “हुरड्याला का रिश्वत म्हनत्यात, दिनकरराव? उद्याला त्याचा दगड व्हतो. खाऊन टाका.” कमलबाईंनी आत नेली.

गृहस्थ मनाचा मोठा वाटला. माझ्या मनात त्यांच्याविषयी उगीच अढी होती. धुरपदाबाईविषयी वाईट बोलले नाहीत. म्हणाले, “बाई खरी हाय हो. मालकाचा अर्धा वाटा तिनं खाल्ला मनत्यात लोक, मला न्हाई तसं वाटत. पाशाच्या अंगनात पेव हाय, त्यात ठिवला आसंल. सायबांनी सोता येऊन, पंचांसमोर उघडून बगितलं तर बिचारीचा खरेपना दिसंल सगळ्यांला. तुमी घाला की कानावर.”

दावा ज्यांच्याशी चालू आहे त्यांच्या तोंडून हे ऐकून मी थक्क झालो. विरोधकाची अब्रू राखणारी माणसे अजून आहेत.

२९ जानेवारी

साहेबांना सगळे सांगितले: ‘फक्त’ माझा होता, आणि ‘होल्ड’चा जुना अर्थ काय तो. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकले. डुकरांपाशी त्यांचे डोळे चमकले. मग म्हणाले, “फार सुंदर. ‘फक्त’ मी खोडतो. पण दीड हजार वर्षांपूर्वीच्या डुकरांची साक्ष मला लिहून घेता येणार नाही. मला सांगा, मालकाचा अर्धा वाटा कुठे आहे?”

मी आबासाहेबांची सूचना सांगितली. १२ फेब्रुवारीचा दौरा ठरला.

४ फेब्रुवारी

आज मी योग्य केले नाही. किंवा केले. माहीत नाही.

बाजारात धुरपदाबाई वांगी विकत बसली होती. मी थांबलो. तिला सांगितले की तुम्ही स्वतः ‘रान माझं आहे’ म्हणालात, तर नव्या कुळकायद्याने कदाचित ते तुम्हालाच मिळेल. मालक परत येण्याजोगा नाही, कसता तुम्ही. मुतर्जिमाने पक्षकाराला सल्ला द्यायचा नसतो. बोलताना माझे कान तापले होते.

तिने वांग्यांवर पाणी शिंपडले. “इचार केला न्हाई का मी? लय केला. पाऊस न्हाई पडला तवा केला, पोटात न्हाई तवा बी केला. माज्या तोंडून एकदा ‘माजं’ बी निगालं. शेजारीन इचारली, ‘कुटं निगालीस?’ मनलं, ‘माज्या रानात.’ मनले आन् थांबलेच वाटंत.” मग माझ्याकडे बघून, “तुमी मुन्शीसाब, कचेरीचं मानूस. आसं बायांला फूस लावाय फिरता व्हय?”

शेजारच्या चतुराबाई मेथीच्या जुड्यांआडून खो खो हसल्या. मी पाव शेर वांगी घेतली. ती किडकी निघाली.

१२ फेब्रुवारी

सविस्तर लिहितो.

सकाळच्या गाडीने पिंगळी, तिथून बैलगाडीने वाडी. ज्वारीची कणसे भरली आहेत. ओढ्याकाठच्या रानात पाखरे हाकायच्या माळ्यावर उभी राहून धुरपदाबाई गोफण फिरवत होती. आम्हाला पाहून उतरली.

साहेबांनी आधी नांगरटीचे विचारले. आबासाहेब म्हणाले, “दर साल बैल माजे, नांगर माजा, गडी माजा. बाई का नांगर धरती?” बरोबर आहे, आपल्याकडे बाई नांगराला हात लावत नाही. धुरपदाबाई म्हणाली, “बैल तुमचेच. आन् तुमच्या कापसात खुरपायला कोन व्हतं? ह्या आंगठ्याचं नख तुमच्याच रानात गेलं. सावड हाय ती, उपकार न्हाई.” सावड म्हणजे कामाच्या बदल्यात काम, हे मी साहेबांना सांगितले. या वेळी एकही शब्द पदरचा घातला नाही.

मग चाँदपाशाचे घर. छप्पर बसले आहे. अंगणात पेवाच्या तोंडावर फरशी, कडेने शेणमातीचा लेप, कुठेही तडा नाही. ओल असलेल्या गावात जमिनीखाली धान्य ठेवायचे तर तो लेप वर्षातून किती वेळा नवा करावा लागतो, हे इथल्या माणसांना सांगायला नको. साहेबांना मी सांगितले.

फरशी सरकवली. आधी काहीच नाही. मग तो वास आला. आंबूस, उष्ण, दारूसारखा, आणि त्याच्या पाठीमागे भाकरीचा. सगळे दोन पावले मागे सरले. आबासाहेबांचा गडी लिंबाजी उतरायला पुढे झाला तशी धुरपदाबाई ओरडली, “मरायचं आसंल तर सोताच्या पेवात मर! पाशाच्या पेवात मढं नको मला.” नव्याने उघडलेल्या पेवातली हवा माणूस मारते. कंदील दोरीने खाली सोडला, तो विझला. लिंबाच्या फांद्यांनी वारा घालत लोक बसून राहिले. साहेब घड्याळ बघत होते, नंतर बघेनासे झाले. उन्हे डोक्यावरून कलली तेव्हा कुठे कंदील तेवता राहिला, आणि लिंबाजी कमरेला दोर बांधून उतरला.

साहेब काठाशी वाकणार तोच बाई म्हणाली, “मुन्शीसाब, शायबाला सांगा, धान्यापाशी पायतान नको.” हे इंग्रजीत कसे सांगावे याचा मी विचार करीत होतो, तोवर तिच्या बोटाकडे बघून साहेबांनी बूट काढलेही.

वरची ज्वारी गेल्या सालची, मोत्यासारखी. तिच्याखाली लिंबाच्या वाळल्या पाल्याचा थर. त्याखाली त्याआधीच्या सालची, पिवळसर. पुन्हा पाला. आणि तळाशी, तांब्याच्या रंगाची, कडेला काळी पडलेली: चाँदपाशाने जाण्याआधी स्वतः भरलेली. त्या ज्वारीला धुरपदाबाईने हातही लावला नव्हता. लिंबाजीने पाल्याचे थर बाजूला करून तळची मूठ वर दिली. साहेबांनी ते तळचे दाणे ओंजळीत घेतले, हुंगले. मला काही बोलायचे होते, पण तीन भाषांपैकी एकही जवळ नव्हती. कोशाच्या त्या पानावर मी वरून खाली असाच उतरलो होतो. तिथे तळाशी काय सापडेल ही उत्सुकता होती. इथे भीतीच वाटली, देवळात वाटते तशी.

तेव्हा आबासाहेब हळू आवाजात म्हणाले, “सायब, येवढं धान्य, आन् लेव्हीचा एक दाना न्हाई? हे दडवलेलंच झालं की. कायदा तर लय कडक हाय मनत्यात.”

मला तोवर हा डाव कळला नव्हता. परिपत्रक माझ्याच हातचे, पेव उघडण्याची सूचना माझ्याच तोंडून गेलेली, आणि हुरडा मी आणि कमलबाईंनी मिटक्या मारत खाल्लेला.

भाषांतर करणे भाग होते. केले. साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी बाईला विचारले, लेव्ही का घातली नाही?

“माज्या वाट्याची घातली की. पटवारी हाय हितं, इचारा.” पटवाऱ्याने मान हलवली. “ही माजी न्हाई. दुसऱ्याच्या धान्यातून मी कशी घालू? त्याला इचारल्याबिगर?”

“पण तो मेला आहे,” साहेब म्हणाले.

“मंग कुनाला इचारू ते तुमीच सांगा.”

साहेबांनी ओंजळीतले दाणे परत पेवात सोडले. मग आबासाहेबांकडे वळून अगदी सौम्यपणे म्हणाले, आणि मी तितक्याच सौम्यपणे सांगितले, “या रानाचा ताबा तीन हंगाम तुमच्याकडे आहे, असा तुमचा दावा. मग या रानाची लेव्ही तुम्ही कधी घातली?”

आबासाहेब म्हणाले, “मी... ते रान... पीक तर बाईच...”

“तुमच्या ताब्यात असेल तर मागच्या दोन हंगामांची लेव्ही तुम्ही बुडवली. नसेल, तर दावा खोटा. दोन्हींतले एक काय ते लिहून घेऊ. सावकाश सांगा.”

आबासाहेबांनी सावकाश सांगितले. रान आपल्या ताब्यात नव्हते, असे सांगितले.

मी ते इंग्रजीत सांगताना ‘होल्ड’ वापरला. पहिल्यांदाच जीभ अडखळली नाही.

१५ फेब्रुवारी

हुकूम झाला. रान चाँदपाशाच्या बायकोच्या, हुसेनबीच्या नावे. धुरपदाबाई बटईदार म्हणून कायम. पेवातले धान्य मात्र लेव्हीत जमा. त्याची सरकारी किंमत हुसेनबीच्या नावे तहसिलीत ठेवली जाईल. शिक्षेऐवजी समज.

मला वाटले होते ती आनंदेल. ती कचेरीच्या पायरीवर बसून राहिली. “पाशाच्या हातची जवारी व्हती. आता कागद झाला तिचा.” मी समजावले की रान वाचले. ती म्हणाली, “व्हय जी, वाचलं,” आणि पदराने तोंड पुसून गाडी गाठायला गेली.

तळचे धान्य निदान एक पायली बाजूला ठेवायला सांगता आले असते. मला सुचले नाही.

१६ फेब्रुवारी

कोश परत केला. साहेबांनी चाळला, ते पान काढले, आणि समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिले. मी विचारले नाही.

१ मार्च

धुरपदाबाई आली. हुसेनबीला पत्र लिहायचे होते. मजकूर तिचाच; मी उर्दूत उतरवला.

‘हुसेनबीला धुरपदाचा सलाम. रान तुझ्या नावावर झालंय. तुझ्या घरच्या पेवातलं धान्य सरकारनं नेलं, माझी चूक झाली. पैसे कचेरीत हायत. यंदा जवारी बरी हाय. पाखरं लय झाली. तू ये आन् तुझं तू सांभाळ, मला गुडघ्यानं माळ्यावर चढवत न्हाई.’

“एवढंच?” मी विचारले.

“येवढं का थोडं झालं?”

२२ मार्च

हुसेनबीचे उत्तर माझ्या पत्त्यावर आले. डाकेने पुढे धाडता आले असते; उर्दू वाचणारे वाडीत आता कुणी उरले नाही, म्हणून मीच गेलो.

खळ्यावर मळणी संपून उफणणी चालली होती. तिवईवर उभा राहून लिंबाजी सूप झटकत होता. सावडीनेच आला असावा. धुरपदाबाई हातणीने, म्हणजे खळ्याच्या झाडूने, रास सारखी करत होती. तिथेच उभ्याने वाचून दाखवले. हुसेनबी लिहिते:

‘धुरपदा, मी आता येत नाही. त्यांची कबर इथे आहे. मुलगा छापखान्यात लागला आहे, त्याला बैलाचे काही कळत नाही. तू इतके केलेस, अल्ला बघतो आहे. रान तू घे. लागेल तिथे मी अंगठा देते. ते तुझेच समज.’

ती रास सारखी करत राहिली. वारा होता, लिंबाजी सूप झटकत होता; तिला नीट ऐकू गेले नसावे असे वाटून मी ‘रान तू घे’पासून पुन्हा, मोठ्याने वाचले.

“ऐकलं की एकदा. बहिरी न्हाई मी.” तिने डोळे पुसले, उफणणीचा भुसा फार उडत होता. “लिवा तिला. पोराला एकदा धाडून दे मनावं. रान बगू दे त्याला. न बगता कुनी देतंय व्हय रान?”

मी म्हणालो, “आणि तो आलाच नाही तर?”

 माझा प्रश्न गैर होता की काय, कळले नाही. ती राशीभोवती एकदा फिरली, हातणी टेकली, आणि वर बघून म्हणाली, “उतर रे लिंबाजी. दोन राशी कर. निम्मी इकडं, निम्मी तिकडं. नीट बगून कर.”